कायम की तात्पुरती?

"नोकरी कायम आहे की तात्पुरती?" हा प्रश्न मी त्या वर्षी नाशिक रोडच्या कॉलन्यांमधून घरोघर विचारत हिंडत होते. घरी आल्यावर बाबा हाच प्रश्न मला विचारायचे. फरक इतकाच, की मी हातात टॅबलेट धरून, शिकवल्याप्रमाणे हसतमुखाने विचारायचे, आणि ते जेवताना, ताटाकडे बघत विचारायचे.

मी संशोधन सहाय्यक होते. समाजशास्त्रात एम.ए., सेट पास, आणि रोजगारावरच्या एका पाहणीत अकरा महिन्यांचा करार. भाड्याच्या खोलीचा करारही अकरा महिन्यांचाच असतो, पण घरमालक निदान आधी सांगतो तरी. आम्हाला पगार नसायचा, मानधन असायचं. ते महिना उलटून गेल्यावर कधीतरी यायचं, तोवर रिक्षाभाडं पदरचं. हा काही माझा पहिला प्रकल्प नव्हता. प्रकल्प संपला की अनुभवाचं पत्र मिळायचं, आणि पुढच्या ठिकाणी ते पत्र दाखवून पुन्हा पहिल्याच पायरीवर उभं राहायचं. कॉलेजात जागा निघत नव्हत्या, निघाल्या तर तासिका तत्त्वावर. लोकांच्या बेकारीवर आमचं पोट चालतं आणि तेही धड चालत नाही, असं मी चिडून म्हणायचे. ऐकणारे हसायचे. मला हसू येत नसे.

बाबांचा जन्म नोटांच्या छापखान्यात गेला. पाळी, गेटवरची झडती, कॅन्टीन, फंड, शेवटी पेन्शन. त्यांच्या लेखी फंड कापतात तीच नोकरी, बाकी सगळा वेळ घालवण्याचा उद्योग. "छापलं की किंमत येते, तोवर नुसता कागद," हे त्यांचं ठरलेलं वाक्य, आणि "ऑर्डर कधी हातात पडणार?" हे पालुपद. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, त्यामुळे ते ऐकून घ्यायला दुसरं कुणी नव्हतं. एकदा मी ताडकन विचारलं, "बाबा, तुम्हाला माझ्या कामाची लाज वाटते का?" त्यांनी आमटी वाढून घेतली. त्यांचं न बोलणं हेच उत्तर, असं मी धरून चालले, आणि ते मला पुढे कित्येक दिवस सलत राहिलं.

पाहणीत ठरावीक घरं सोडून एक घर निवडायचं असे. तसं मोजत मोजत आमच्या गल्लीत नेमकं आमचंच घर आलं. आपल्या घरी आपण जायचं नाही आणि निवडलेलं घर बदलायचंही नाही, असा नियम. म्हणून तिथे पाहणीतली माझी जोडीदार गेली. ती सायखेड्याहून रोज एसटीने यायची. शिक्षण माझ्याएवढंच, करार तोच, मानधन तेच. घरचे तिच्या लग्नाच्या मागे आणि ती पीएच.डी.च्या मागे. त्या दिवशी मी पलीकडच्या कॉलनीत होते. संध्याकाळी तिला विचारलं, "काय, बाबांनी फार पिडलं का गं?"

"नाय गं, लय चांगले हे काका. स्वतः चहा केला त्यांनी," म्हणाली आणि बसस्टॉपकडे निघाली. एरवी दिवसभरातलं सगळं सांगितल्याशिवाय तिच्या पोटात काही राहायचं नाही. मला वाटलं, दमली असेल.

काही दिवसांनी तपासणीतून काही घरांची माहिती परत आली. एकाच घरातली दोन उत्तरं जुळत नसली, की फोन करून खात्री करायची. ते काम आम्ही दोघी मिळून करायचो. ती स्पीकरवर बोलायची, मी दुरुस्ती भरायचे. त्या दिवशी एक घर ती सारखं मागे ढकलत होती. शेवटी तेवढंच उरलं.

"हे मी एकटी करते. तू चहा घेऊन ये," ती म्हणाली.

मी स्क्रीनवर पाहिलं. माणसं दोन. वडील निवृत्त. मुलगी, काम संशोधन. नोकरी कायम. फंड कापत नाहीत. नोकरी कायम असेल तर फंड कसा नाही, एवढीच शंका होती. घर आमचं होतं.

मी उठायला हवं होतं, उठले नाही. "लाव," म्हटलं.

"अगं, तू समोर असताना कसं..."

"लाव."

तिने लावला. "काका, मागे पाहणीला आले होते ना, ती बोलतेय. मुलीची नोकरी कायम आहे म्हणालात, पण फंड कापत नाहीत म्हणालात. ते नक्की काय आहे, विचारायचं होतं."

पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला. मग बाबा म्हणाले, "बाळा, तू तिच्याबरोबरच काम करतेस ना?"

"हो काका."

"तुला कायम केलंय?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "नाही, काका."

"मग तिलाही नाही. जन्मभर फंड कापून घेतला, त्यामुळे फंडाचं खोटं काही तोंडातून निघालं नाही. पण कायम म्हणून टाकलं. म्हटलं, एकदा कागदावर आलं की पुढेमागे होईलही. तिच्याइतकं राबणारं माणूस आमच्या खात्यात मी पाहिलं नाही गं. तरी असं का होतं, मला कळत नाही." खाकरले. "आता तात्पुरती लिही. आणि मी असं सांगितलं होतं, ते तिला कळू देऊ नको. आधीच ती फार मनाला लावून घेते."

"नाही सांगत, काका."

दुरुस्ती मलाच भरायची होती. मी कायमवरची खूण काढली आणि तात्पुरतीवर केली. मग मात्र मला रडू आवरेना. इतके दिवस मी जिला लाज समजत होते, ती लाज नव्हतीच. माझ्यासाठी त्यांचा जीव तुटत होता, आणि मी प्रत्येक वेळी फाडकन बोलून मोकळी होत होते.

"रडू नको गं," जोडीदार म्हणाली. "आमच्या आईनं तर सगळ्या गावात सांगितलंय, पोरगी बँकेत हे म्हणून."

त्या दिवसापासून बाबांनी तो प्रश्न विचारणं सोडलं. ज्या प्रश्नाचा मला इतका राग यायचा, त्याच्यावाचून आता जेवण सुनं वाटायला लागलं. मला सगळं माहीत आहे, हे मीही त्यांना सांगितलं नाही. करार संपला, मुदतवाढ आली नाही. मी तसं सांगितलं तेव्हा ते "बरं" म्हणाले आणि माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

नंतर एका सकाळी आम्ही दोघं फाटकाशी उभे होतो. समोरचे काका दुधाची पिशवी घेऊन चालले होते. तेही छापखान्यातलेच, बाबांच्याच खात्यातले. "काय मग, लेकीची ऑर्डर आली का हातात?" त्यांनी नेहमीसारखं विचारलं.

फाटकाची कडी लागलेली होती, तरी बाबा ती पुन्हा पुन्हा चाचपत राहिले.

"आली की काका," मी म्हणाले. "झाले मी कायम."

"अरे वा! मग पेढे कुठे आहेत?"

"आणते ना, आजच आणते."

काका खूश होऊन गेले. बाबांनी वर पाहिलं नाही. मी आत जाऊन पर्स घेतली, चपला घातल्या. मी फाटक उघडून बाहेर पडले, तशी त्यांनी मागून हाक मारली.

"पावशेरच आण," ते म्हणाले.