दाढांचा उपास

मागच्या दाढा गेल्या तर बिघडलं कुठं, त्या दिसतात कोणाला, असं मी बरीच वर्षं म्हणत आले. खालच्या दोन्ही बाजूंच्या दाढा एकामागून एक किडल्या आणि एकामागून एक काढून टाकल्या. तेव्हा नोकरी होती, नवरा होता, मुलगी शिकत होती. स्वतःच्या तोंडात डोकवायला वेळ कोणाला होता? समोरचे दात शाबूत होते, फोटोपुरते तेवढे पुरत होते.

मग नवरा गेला. मुलगी बंगळुरूला संसाराला लागली. मी निवृत्त झाले आणि नाशिकच्या इंदिरानगरमधल्या फ्लॅटमध्ये मी आणि माझे समोरचे दात एवढेच उरलो. समोरच्या दातांनी तोडता येतं, चावता येत नाही. घास नुसता तोंडात इकडून तिकडे फिरत राहतो. एकटीच्या घरात त्याचं काही वाटायचं नाही. भाकरी दुधात कुस्करायची, भात मऊ शिजवायचा, टीव्ही लावायचा आणि बसायचं. अर्धा तास लागो की तास लागो, माझ्यासाठी कोण खोळंबलं होतं?

खोळंबा व्हायचा तो देवळ्याला. ते माझं सासर. कांद्याची शेती, मोठं खटलं, आणि सासऱ्यांच्या काळापासून चालत आलेला एक नियम: पंगतीत शेवटच्या माणसाचं जेवण होईपर्यंत कोणी ताटावरून उठायचं नाही. आजूबाजूला सगळीकडे बुफे आले, पण आमच्याकडे अजून सतरंज्या अंथरतात. आणि कार्य म्हटलं की वरण-बट्टी आलीच. गव्हाच्या जाड पिठाची ही बट्टी आतून मऊ असली तरी वरून चांगली खरपूस आणि कडक. कुस्करून वरणात भिजवली तरी तिचे कडक तुकडे दाढ मागतातच.

नवरा गेल्यावर एका पुतणीच्या साखरपुड्याला मी अशीच बायकांच्या पंगतीत बसले होते. सगळ्यांची जेवणं झाली. माझी अर्धी बट्टी शिल्लक. उष्ट्या हातांनी सगळ्या बसून राहिल्या, हात वाळले, मागे दुसरी पंगत भुकेली पोरं घेऊन उभी. कोणीतरी फार प्रेमाने म्हणालं, "होऊ द्या काकू, होऊ द्या सावकाश." त्या एका वाक्यासरशी सगळ्या पंगतीने माझ्याकडे पाहिलं. घास गिळता येईना आणि काढताही येईना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या कार्याला मी पोचल्या पोचल्या सांगून टाकलं, आज माझा उपास आहे. आपल्याकडे एक सोय फार छान आहे. आठवड्यात असा वार नाही की ज्याला कसला ना कसला उपास नाही. सोमवार झाला, गुरुवार झाला, शनिवार झाला, एका रविवारी मी सूर्यनारायणालाही वेठीला धरलं. मी काही फार देवभोळी बाई नाही, पण सासरी माझा लौकिक असा पसरला की लांबच्या सुना येऊन पाया पडायला लागल्या. "काकू फार करतात हो," असं त्या एकमेकींना सांगायच्या आणि मी गंभीर चेहरा करून आशीर्वाद द्यायचे.

माझी सोय आतल्या खोलीत असायची. मोठ्या जाऊबाई माझ्यासाठी भगर आणि दाण्याची आमटी करून ठेवायच्या. त्या माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठ्या, घरातली चूल त्यांच्याच हाती. सोबत वाटीत शेंगदाण्याचा लाडू असायचा. तो मी पदराआड लपवून पिशवीत टाकायचे. ताट माझ्यापुढे ठेवून जाऊबाई वाढायला बाहेर जायच्या. खिडकीतून अंगणातली पंगत दिसायची. एकमेकींच्या लग्नात चिमटे काढलेल्या बायका तिथे बसून हसत असायच्या. मी भगर खात खिडकीशी बसायचे. भूक भागायची, पण फार एकटं वाटायचं.

एका जावळाच्या जेवणात अशीच आत बसले असताना बाहेरून कोणीतरी ओरडलं, "पाहा बरं, बायकांत जेवायचं कोणी राहिलंय का?" आणि कोणीतरी तितक्याच मोठ्याने उत्तर दिलं, "कोणी नाय राहिलं." त्यात कोणाचं काही चुकलं नव्हतं. मीच स्वतःला त्या मोजणीतून काढून घेतलं होतं. तरी त्या दिवशी नाशिकच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून रडले.

मुलीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आई, मिक्सरमध्ये फिरवून पीत जा ना." तिचं बरोबर असेल, पण मला पोट भरायचं नव्हतं, मला पंगतीत बसायचं होतं. ते तिला सांगता आलं नाही. दुसऱ्या आठवड्यात मी एकटीच दातांच्या डॉक्टरकडे गेले.

डॉक्टर मुलगी तरुण होती, समजावून सांगणारी. दोन्ही बाजूंना तीन-तीन दाढांची जागा रिकामी होती. तिथे जबड्याच्या हाडात दोन-दोन स्क्रू बसवायचे, हाडाने ते घट्ट धरेपर्यंत काही महिने थांबायचं, आणि मग त्या दोन खांबांवर तीन दाढांचा पूल चढवायचा. "काढ-घाल करायची नाही, आपल्याच दाढा म्हणून वापरायच्या," ती म्हणाली. स्क्रू बसवायच्या दिवशी तिने विचारलं, "आजी, सोबत कोण आलंय?"

"खाली रिक्षा उभी आहे," मी म्हटलं.

 मग तिने मदतनीस बाईला माझ्याशेजारी उभं राहायला सांगितलं. भुलीने दुखलं काहीच नाही. नुसता हाडात घुमणारा आवाज, आणि त्या परक्या बाईचा माझ्या खांद्यावरचा हात. इतक्या दिवसांनी कोणाचा तरी हात अंगावर पडला होता, म्हणून डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं दुखतंय. मी तसंच वाटू दिलं.

मग महिने गेले. गालावरची सूज उतरली, टाके निघाले, आणि मी हाड कधी धरतंय याची वाट पाहत बसले. रोज जीभ लावून बघायचे. त्या दिवसांत पेजेसारखं जेवण आणि बोलायला घरात कोणी नाही, म्हणजे तोंडाला कसलंच काम नव्हतं. शेवटी एकदाचे ते दोन्ही पूल बसले. घरी आले आणि पहिल्यांदा काय केलं तर मूठभर फुटाणे घेतले. गॅलरीत उभी राहून कुडूम कुडूम चावले. आवाज कानात असा भरला की मी एकटीच हसत सुटले, आणि शेजारच्या गॅलरीतल्या बाई कपडे वाळत घालायचं सोडून बघत राहिल्या. पुढे रोज सराव. शिळी भाकरी, मुळा, कैरी. स्पर्धेत नाव दिल्यासारखी मी घड्याळ लावून जेवायचे.

पुतण्याने नवं घर बांधलं होतं. वास्तुशांतीचं बोलावणं आलं. फोनवर तो म्हणाला, "काकू, तुमचं फराळाचं वेगळं करायला सांगितलंय, काळजी नको." मी बरं म्हणून फोन ठेवला. देवळ्याला गेल्यावरच सगळ्यांना दाखवीन असं ठरवलं.

पोचले तेव्हा जाऊबाई आतल्या खोलीत भगरीचं पातेलं उतरवत होत्या. वाळल्या होत्या फार, गाल आत गेलेले.

"ये वं. तुले उपास शे ना?" त्यांनी वर न बघताच विचारलं.

"नाही बाई. आज मी पंगतीत बसणार."

तेव्हा त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "दाढा बसवल्या काय?"

मी चाटच पडले. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोन सांगनार? उपासवाली बाई भगर खाती अन् लाडू पिशवीत घालती, हे मला दिसत नाय काय? म्हनून तर आमटी एवढी पातळ करायची मी तुझी."

इतकी वर्षं! मला राग यावा की लाज वाटावी ते कळेना. "मग बोलला का नाहीत?"

"तू झाकत होती. मी कशाला उघडं करू?"

भगर त्यांनी दोन ताटल्यांत वाढली होती. एक माझी. दुसरी कोणाची म्हणून मी विचारलं, तर त्या हसल्या, आणि हसताना पहिल्यांदाच मला त्यांचं रिकामं तोंड दिसलं. कवळी केली होती, पण ती टोचते म्हणून डबीत पडून होती. "मी नाय बसत आता पंगतीला. मला लय वेळ लागतो. मी आपली वाढत असते. वाढनारीला कोनी इचारत नाय, तू जेवली का म्हनून."

मी खिडकीशी बसून बाहेर बघायचे, आणि त्या बाहेर वाढता वाढता स्वतःचं जेवण चुकवायच्या. दोघींच्या मध्ये एक भिंत होती फक्त. मला त्यांच्याकडे बघवेना. मी त्यांच्या हातातला डाव काढून घेतला आणि म्हटलं, "बाई, चला. माझ्याशेजारी बसा."

त्या नको नको म्हणत राहिल्या, पण आल्या. आम्हाला पंगतीत पाहून सुना अवाक झाल्या. "काकू, उपास सोडला?" "सोडला," मी म्हटलं, "कायमचा." बट्टी वाढली, वरण आलं, घोटलेली वांग्याची भाजी आली. मी घास दाढेखाली घेतला आणि खरपूस कड कुरकुरली. किती वर्षांनी! भराभर जेवले, सगळ्यांच्या बरोबरीने, नव्हे, काहींच्या आधीच माझं ताट स्वच्छ झालं. आता शेवटची कोण म्हणून मी तोऱ्यात पंगतीवरून नजर फिरवली.

शेवटच्या जाऊबाई होत्या. कुस्करलेल्या बट्टीचा ढीग तसाच होता, आणि त्या मान खाली घालून एकेक घास हिरड्यांवर घोळवत होत्या. बाकीच्यांचे हात वाळायला लागले होते. मागे दुसरी पंगत उभी होती. समोरून एक सून प्रेमाने म्हणाली, "होऊ द्या आत्या, सावकाश होऊ द्या." जाऊबाईंचा हात थांबला. त्यांनी ताट जरासं पुढे लोटलं.

"ए, बट्टी आण इकडे," मी वाढणाऱ्या पुतण्याला मोठ्याने हाक मारली. "माझं कुठं झालंय अजून?"

त्याने आणखी एक बट्टी वाढली, वर वरण ओतलं. पोटात जागा नव्हती. मी लहानसा तुकडा मोडला आणि चावायला लागले, अगदी सावकाश, नव्या दाढा मुद्दाम आवरून धरत. सगळी पंगत माझ्याकडे बघत होती. बघू दे म्हटलं. थोड्या वेळाने शेजारी बांगड्यांचा आवाज आला. जाऊबाईंनी ताट पुन्हा जवळ ओढून घेतलं होतं.