मेंढरांच्या मागं

फळ्यावर इंग्रजी वाक्य होतं. ही लुक्स आफ्टर शीप. बारामतीच्या कॉलेजातला अकरावीचा वर्ग, ब्याण्णव-त्र्याण्णव साल. सरांनी माझ्यावर खडू रोखला. "ए निरवांगी, अर्थ सांग."

हजेरीत माझं नाव होतं. सर मात्र मला गावाच्याच नावानं हाक मारायचे.

मी उठले. लुक म्हणजे बघणे, आफ्टर म्हणजे मागून. मेंढरं पुढं चालतात, माणूस मागून बघत जातो. जन्मभर तेच केलेलं, त्यामुळं खात्रीनं बोलले, "तो मेंढरांच्या मागं बघतो."

वर्ग खो खो हसला. ज्यांच्या घरी शिकवणीला मास्तर यायचे, त्या मुलींनी तर बाकावर डोकी टेकली.

"मग मागेच राहायचं, इथं कशाला आलीस?" सर म्हणाले. "उद्यापासून शेवटच्या बाकावर."

अर्थ त्यांनी सांगितलाच नाही. पुढचं वाक्य लिहायला घेतलं.

मला रडू आलं नाही. काहीच आलं नाही. एसटीत कंडक्टर दोनदा ओरडला तेव्हा उतरले.

आबा, माझे वडील, मेंढरांभोवती वाघरीची जाळी बांधत होते. "आज काय शिकिवलं?"

"काय न्हाय."

"शिकिवलं न्हाय का कळलं न्हाय?"

मी जाळीचं दुसरं टोक धरलं. कॉलेज सुटलं की लग्न, हे घरात ठरलेलंच होतं. त्याचीही भीती वाटली नाही.

सकाळी कॉलेजच्या ग्रंथालयात शब्दकोश उघडला. लुक आफ्टर: राखणे, सांभाळणे.

राखणे! आमच्या घरात दिवसातून दहादा येणारा शब्द. मी सात वर्षांची असल्यापासून मेंढरं राखत होते, आणि हसले ते कोण, तर ज्यांनी कधी एक कोकरू सांभाळलं नाही ते. तेव्हा कुठं राग आला. एवढा उशिरा आला याचाही आला.

तासाला पहिल्या बाकावर बसले.

"निरवांगी, मागं!"

"न्हाय सर. लुक आफ्टर म्हंजी राखणं. मी मेंढरं राखती. अर्थ सांगताना माझं चुकलं, पर त्यासाठी मी मागं बसणार न्हाय."

या वेळी कुणी हसलं नाही. सरांनी बाहेर काढलं. मी दारातच उभी राहिले, वही भिंतीला टेकवून फळ्यावरचं सगळं उतरवून घेतलं. उभ्यानं लिहिताना अक्षर वाकडं आलं.

उद्या पुन्हा पहिल्या बाकावर बसेन. काढलं तर पुन्हा दारात. आणि निरवांगी म्हणून हाक मारली तर मी उठणार नाही. माझं नाव हजेरीत आहे.