आत्यांनी पियानो लावला

रेकॉर्डच्या दुकानात गल्ल्यामागे बसून आत्यांनी उभ्या आयुष्यात एकच भांडण केलं, पण ते रोज केलं. तीनशे वर्षांपूर्वीचं युरोपातलं बरोक संगीत त्या काळच्याच वाद्यांवर ऐकायचं. आतड्याच्या तारांचं व्हायोलिन, पियानोच्या आधीचं, तारा छेडून वाजणारं हार्प्सिकॉर्ड, असं. पोलादी तारा आणि पियानो म्हणजे शुद्ध भेसळ! गिऱ्हाईक पियानोची रेकॉर्ड घेऊन आलं की आत्या डोळे वटारायच्या. "ती ठेवा जागेवर. आधी ही ऐका." आणि त्याला तिथेच स्टुलावर बसवायच्या. काही माणसं पुन्हा फिरकली नाहीत. जी फिरकली ती जन्माची त्यांची झाली. दुकान बंद झालं तरी ही मोजकी मंडळी दर महिन्याला आत्यांच्या घरी जमायची, आणि काय लावायचं ते अर्थातच आत्या ठरवायच्या. त्यांतले गणिताचे निवृत्त मास्तर एकेकाळी पियानोच्या रेकॉर्डचे शौकीन, म्हणून आता सगळ्यांत कडवे.

गेल्या वर्षी आत्यांच्या कानांनी दगा दिला. सगळं नाही, वरचे सूर गेले. डॉक्टरांनी कानात यंत्र बसवलं. त्याने माणसांचं बोलणं परत आलं, पण हार्प्सिकॉर्ड लावलं की कुणी टोपलीत चमचे ओततंय असं वाटायचं. हे फक्त घरातल्या भाचीला ठाऊक होतं. बाकीच्यांसमोर आत्या डोळे मिटून मान डोलवायच्या. ज्या बाईने जन्मभर ढोंग्यांची सालटी काढली, तिच्यावर ही पाळी! मंडळी गेली की त्या रागारागाने कपबशा आपटायच्या.

"सांगून टाक ना एकदाचं," भाची म्हणायची.

"म्हणजे सगळे माझी कीव करत बसतील. त्यापेक्षा बैठकच बंद करते."

एका दुपारी भाचीने आवराआवर करताना दुकानातल्या उरलेल्या मालातली एक रेकॉर्ड सहज लावली. पियानोची निघाली. आत्या ओल्या हातांनीच स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्यांना वाजवणाऱ्याचा डावा हात ऐकू येत होता. खालचे सूर आपल्या चालीने चालले होते, मधले त्यांना उत्तर देत होते, कोण कुणाच्या मागे धावतंय ते लख्ख कळत होतं. आत्या खुर्चीत बसून हमसाहमशी रडल्या, आणि रडून झाल्यावर स्वतःवरच भडकल्या.

पुढच्या बैठकीला त्यांनी तीच रेकॉर्ड लावली. चार सूर वाजतात न वाजतात तोच मास्तर ताठ झाले.

"आत्या, चुकून दुसरीच लागली वाटतं."

"चुकून नाही."

"अहो, पण हा पियानो आहे!"

"पाकिटावर वाचलंय मी. डोळे शाबूत आहेत माझे."

मास्तर उठून उभे राहिले. "तुम्हीच शिकवलंत ना, भेसळ ती भेसळ? तुमच्या शब्दाखातर मी घरातल्या पियानोच्या रेकॉर्ड वाटून टाकल्या!"

गुरूची विद्या गुरूलाच फळली. बाकीची मंडळी कपात डोकं घालून बसली. मास्तरांनी फळीवरून हार्प्सिकॉर्डची रेकॉर्ड काढलीसुद्धा आणि चालू रेकॉर्डची सुई उचलायला हात पुढे केला. आत्यांना वाट मोकळी होती. गंमत केली हो, असं म्हणायचं, डोळे मिटायचे आणि मान डोलवायची.

त्यांनी मास्तरांचं मनगट धरलं.

"हात लावायचा नाही. शिकवलं ते खोटं नव्हतं, आजही नाही. पण ते वाद्य मला आता ऐकू येत नाही, मास्तर. गेलं वर्षभर येत नाही. तुमच्यासमोर माना डोलवल्या ना, त्या खोट्या होत्या. कीव करायची असेल तर जिन्यात जाऊन करा. ज्याने हे रचलं तो कधीच गेला, त्याच्या कानांची काळजी तुम्ही कशाला करता? मी जिवंत आहे. मी ऐकणार."

मास्तर हार्प्सिकॉर्डची रेकॉर्ड छातीशी धरून तसेच आत्यांच्या शेजारच्या खुर्चीवर टेकले. पियानो चालूच होता. थोड्या वेळाने ते काहीतरी पुटपुटले. आत्यांनी त्यांच्याकडे कान वळवला.

"म्हटलं," मास्तर ओरडले, "एवढा आवाज पुरतो का?"

"नाही पुरत," आत्या म्हणाल्या. "वाढवा."