गुढीवरचा सुलटा तांब्या

शाळेच्या पुढच्या भिंतीवर मोठं चित्र काढायचं ठरलं तेव्हा मी आठवीत होते. बाबांची पुण्याहून इथे म्हैसूर राज्यात बदली झालेली, आणि आमची बंगळूरची शाळा म्हणजे सरकारी कारखान्याच्या कॉलनीतली, एकेका वर्गात पाच-सहा भाषांची मुलं! ड्रॉइंगच्या सरांनी प्रत्येक भाषेच्या एकेकाला सांगितलं, घरचा एक सण कागदावर काढून आणा, भिंतीवर शेजारी शेजारी बसवू. मराठीतर्फे मी! मी गुढी काढली. काठी, जरीचं कापड, कडुलिंब, साखरेची माळ, वर पालथा तांब्या. सरांनी ती माझ्या तमिळ मैत्रिणीच्या पोंगलच्या मडक्याशेजारी बसवली. मी लगेच कॉलनीतल्या सगळ्या मराठी घरांत सांगून आले, उद्घाटनाला या, आपली गुढी आहे.

भिंत रंगवायला दुकानांच्या पाट्या रंगवणारे एक अण्णा होते. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी बघते तर काय, तांब्या सुलटा! वर आंब्याची पानं आणि नारळसुद्धा!

"अण्णा, हे पालथं हवं होतं!"

"तू चुकवलं होतंस, मी सरळ केलं," ते शिडीवरूनच कन्नडमध्ये म्हणाले. "पालथं भांडं शुभ नसतं. शेजारचं मडकं बघ, कसं उतू जातंय. आणि तुमचं रिकामं?"

सर म्हणाले, राहू दे गं, छान दिसतंय. छान दिसत होतं हीच तर पंचाईत! पण ती गुढी नव्हती, आणि उद्या सगळी मराठी घरं बघायला येणार होती.

मी पळत घरी. आईचं कन्नड भाजी घेण्यापुरतं. तिने सगळं ऐकलं, गुढीची काठी काढली, तांब्या घेतला आणि चपला घालून निघालीच.

"नोडी अण्णा, बघा." तिने काठी उभी धरली, टोकावर तांब्या सुलटा ठेवला, हात सोडला. खणकन खाली. मग तांब्या अण्णांच्याच हातात दिला. त्यांनी ठेवला, तरी पडला. शेवटी आईने तो पालथा घातला आणि काठी चांगली गदागदा हलवली. तांब्या तिथेच.

अण्णा हसायला लागले. "सरी अक्का, सरी! पटलं. मला वाटलं पोरीने घाईत काहीतरी केलं."

"घाईत करतेच ती," आई माझ्याकडे बघत मराठीत म्हणाली, "पण हे नाही."

तरी अण्णा ब्रश उचलेनात. स्वल्प थांब म्हणाले, खाली उतरले आणि ब्रश माझ्या हातात दिला.

"पालथं तूच कर. माझ्या हाताने नको बाई."

त्यांनी शिडी धरली, मी चढले. आई खालून फ्रॉक सांभाळ, फ्रॉक सांभाळ म्हणून ओरडत होती. नारळ पुसताना आभाळावर मोठा डाग पडला, तांब्याचं पोटही जरा सुटलं. पण पालथा झाला!