चन्नूनं मांडलेला बाजार

फोन आला तेव्हा मी राजा होतो. शाळेच्या गॅदरिंगची तालीम चालली होती, राजाचं काम करणारा पोरगा आला नव्हता, म्हणून मराठीच्या मास्तरनं, म्हणजे मीच, पुठ्ठ्याचा मुकुट चढवून दरबार भरवला होता. पोरं हसत होती, मी नसलेल्या मिशीला पीळ देत होतो, आणि खिशात फोन थरथरला. पुण्याहून विरेश, चन्नूचा मुलगा. "काका... अप्पा गेले." मी "बरं" म्हणालो. दुसरं काय सुचतं माणसाला! मग स्टेजच्या पायऱ्या उतरलो आणि बाजारातून चालत चन्नूच्या कापड दुकानापर्यंत आलो. मुकुट डोक्यावर तसाच होता. वाटेत कोणी हसलं नाही, त्यावरून कळलं की बातमी माझ्याआधी आमच्या मुरुम गावात पोचली होती. दुकानाचं शटर काही महिने बंदच होतं. त्या दिवशी मात्र ते कायमचं बंद दिसलं.

चन्नबसप्पा माझा पाटीपेन्सिलीपासूनचा दोस्त. शाळेच्या नाटकात तो नायक असायचा, कारण उंच, गोरा आणि आवाज खणखणीत. पाठांतर मात्र शून्य. म्हणून मी विंगेत वही घेऊन उभा. मी कुजबुजायचो, तो गरजायचा आणि टाळ्या त्याला पडायच्या. पुढं तो बापाच्या दुकानात बसला, मी शाळेत मास्तर झालो. संध्याकाळी त्याच्या गादीवर बसून आल्यागेल्याला नावं ठेवणं हा आमचा दोघांचा नित्यनेम.

विरेशनं दुकानात कॉम्प्युटर आणून ठेवला तेव्हा चन्नूनं आधी त्याला हार घातला आणि मग शिव्या. पत्ता टाइप करायचा त्याला भारी कंटाळा. "मास्तर, रोज जायच्या गल्लीचा पत्ता कशाला लिवायचा? पायाला ठाऊक असतंय की." मग मी त्याला युक्ती दाखवली. वेबसाइट उघडायची, खिडकी थोडी लहान करायची, वर पत्त्याच्या शेजारी जे चिमुकलं चिन्ह असतं ते माउसनं धरायचं आणि ओढत आणून डेस्कटॉपवर सोडायचं. झाला शॉर्टकट. पुढच्या वेळी त्यावर दोनदा टिचकी मारली की वेबसाइट हजर. चन्नूनं पहिलं चिन्ह ओढून आणलं तेव्हा शेपटी धरून उंदीर काढल्यासारखा ओरडला, "आला की रं!"

आणि मग त्यानं जे केलं ते फक्त मुरुमचा व्यापारीच करू जाणे. त्यानं पडद्यावर आमचा आठवडी बाजार मांडला. वरचा डावा कोपरा म्हणजे वेस. वेशीतून आत शिरलं की जिथं दाढीची दुकानं, तिथं बातम्या. "गावातली बातमी आधी तिथंच कापली जाती," तो म्हणायचा. पोपटवाला ज्योतिषी बसायचा तिथं हवामान, आणि चिन्हाखाली नाव दिलेलं 'थापाड्या'. अडतीच्या जागी तुरीचे, सोयाबीनचे भाव. त्याचं नाव 'रडका'. एसटी स्टँडच्या जागी सुरतच्या साड्यांची वेबसाइट, कारण त्याचा माल तिथंच उतरायचा. मठाच्या जागी त्याच्या बायकोची, गौरावहिनींची, कन्नड भजनं. उजव्या खालच्या कोपऱ्यात, गावाबाहेर लिंगायतांचं स्मशान, म्हणजे रुद्रभूमी आहे तिथं, त्यानं कॉम्प्युटरची कचराकुंडी नेऊन ठेवली. "जायचं सगळ्यांनाच हाय. पण येता-जाता नजरंला पडाया नको." बरोबर मधोमध एक जागा मोकळी होती. मी विचारलं, इथं काय? "इथं मी बसतो की!"

हसायचो आम्ही. तो बाजार त्याला पुढं कशासाठी लागणार आहे, हे तेव्हा दोघांनाही माहीत नव्हतं.

साखरेनं त्याचे डोळे खाल्ले. एकदम नाही, उसाला किडा लागावा तसे, आतून. सोलापूरच्या डॉक्टरांनी सुया टोचल्या, लेझर मारलं, शेवटी हात टेकले. पडदा त्याला नुसता उजेडाचा चौकोन दिसायला लागला. पण माउसचा बाण पडद्याच्या कडेला जाऊन थांबतो, पुढं जात नाही, हे त्यानं हेरलं होतं. माउस वर डावीकडं ढकलत न्यायचा. बाण वेशीला टेकला की तिथून हाताच्या अंदाजानं बाजार हिंडायचा. चिन्हं मी भलीमोठी करून दिली होती. तो डोळे मिटूनच चालायचा आणि क्वचितच चुकायचा.

हे कोणाला सांगायचं नाही, अशी त्यानं मला शपथ घातली. "पोराला कळलं की उचलून पुण्याला नेतंय बघ. हितं मी आंधळा झालो तरी चन्नबसप्पाच हाय, मास्तर. तिथं नुसता आंधळा."

म्हणून आम्ही पुन्हा नाटक बसवलं. विरेश येणार असला की मी आदल्या दिवशी हवामान, भाव, बातम्या चन्नूला ऐकवायचो. तो पोरासमोर ऐटीत चष्मा लावून बसायचा, अडतीवर टिचकी मारायचा आणि उजेडाच्या चौकोनाकडं बघत म्हणायचा, "आरारा, तूर पडली की रं!" मी गादीवर बसून तोंडात पानपट्टी कोंबायचो, हसू बाहेर पडू नये म्हणून. काय नट होता! आयुष्यात पहिल्यांदा त्याचं पाठांतर चोख झालं होतं.

उगादीला, म्हणजे पाडव्याला, विरेश आला. गुणी पोरगं, बापावर जीव टाकणारं. सकाळी चन्नू पूजेला बसला असताना ते दुकानात जाऊन कॉम्प्युटरपुढं बसलं. डेस्कटॉपवर चिन्हं चहूकडं विखुरलेली पाहून त्याला वाटलं, अप्पांना आवरता येत नाही. त्यानं प्रेमानं सगळी चिन्हं लहान केली आणि नावांच्या क्रमानं डावीकडं एका रांगेत लावून टाकली.

मी पोचलो तेव्हा चन्नू खुर्चीत होता. "थापाड्या काय म्हणतोय बघू," म्हणत त्यानं माउस वेशीला नेला. जिथं ज्योतिषी बसायचा तिथं टिचकी मारली. काहीतरी उघडलं हे त्याला उजेडावरून कळलं. "उद्या आभाळ मोकळं. ऊन कडक."

पडद्यावर सुरतेचा लालभडक शालू गोल फिरत होता.

विरेश हसला. "अप्पा, हे काय उघडलंय?"

"हवामान की."

हसू थांबलं. पोरगं पडद्याकडं बघे, बापाकडं बघे. मी विंगेत होतो, पण कुजबुजायचं तरी काय? मग विरेशनं अगदी हळू विचारलं, "अप्पा... रंग कोणता दिसतोय तुम्हाला?"

चन्नूनं चष्मा सारखा केला. थापाड्याचं पान नेहमी निळं असायचं. "निळा," तो म्हणाला, खणखणीत आवाजात.

गौरावहिनी दारात चहाची कपबशी घेऊन उभ्या होत्या. विरेश खाली बसला आणि बापाच्या मांडीवर डोकं ठेवून रडायला लागला. चन्नूचा हात त्याच्या केसांतून फिरत राहिला. त्याचा चेहरा मात्र माझ्याकडं वळला होता, पुढचं वाक्य विसरल्यावर वळायचा तसा.

त्याच आठवड्यात त्याला पुण्याला नेलं. कॉम्प्युटरही नेला. उंच मजल्यावरच्या खोलीत विरेशनं तो लावला आणि म्हणाला, "अप्पा, कुठं काय होतं सांगा, मी परत तसंच लावतो." चन्नूनं हात हलवला. "राहू दे. बाजार उठला रं." फोनवर तो माझ्याशी बोलायचा, आधी रोज, मग कधीमधी. एकदा म्हणाला, "मास्तर, हितं खाली उतरलं तरी वेस लागत न्हाय." पुढं साखरेनं मूत्रपिंडं धरली. शेवटी शेवटी तो जेवायचाही नाही, नुसता बसून असायचा, असं वहिनी म्हणाल्या.

त्याला मुरुमला आणलं आणि त्यांच्या रीतीप्रमाणे बसवूनच रुद्रभूमीत नेलं. गादीवर बसायचा तसा बसला होता. फक्त मान कोणीतरी धरलेली.

विरेशनं कॉम्प्युटर दुकानात परत आणून ठेवलाय. गेल्या आठवड्यात वहिनींनी निरोप धाडला. शटर अर्धं वर होतं, आत कोऱ्या कापडाचा वास कोंडलेला. कॉम्प्युटर सुरू होता आणि ती चिन्हांची सरळ, शहाणी रांग तशीच होती.

"भावजी, आधी होतं तसं मांडता का?"

"तुम्हाला ठाऊक होतं, वहिनी?"

"संसार केलाय त्यांच्यासंगं." त्यांनी पदर सावरला. "त्यांच्या चपला रोज एकाच फरशीवर कोण ठेवत हुतं? वाटी ताटात एकाच बाजूला कोण मांडत हुतं? ते सोंग करत हुते, म्या बी केलं. मोडायचं जिवावर आलं, भावजी."

मग आम्ही दोघांनी बाजार मांडला. दाढीची दुकानं, ज्योतिषी, अडत, स्टँड. मठाची जागा मी चुकलो, त्यांनी बोट ठेवून दाखवली. थापाड्या उघडून पाहिला तर पुण्याचं हवामान सांगत होता. तो आधी मुरुमला आणला. कचराकुंडी ओढत उजव्या खालच्या कोपऱ्यात नेली.

मधली जागा मोकळी ठेवली. उठताना बाण तिथं नेऊन उभा केला आणि माउस तसाच सोडला. थोड्या वेळानं पडदा आपोआप विझला. काळ्या काचेत मी दिसत होतो, आणि माझ्या मागं दारात उभ्या वहिनी... शटर ओढायला कोणीच पुढं होत नव्हतं.