बाबांचं फाटकं जाळं

आमच्या बाबांना एकदा राग चढला की समजूत घालायची सोय नसायची. आमचा जिल्हा नवा झाला त्या सुमाराची गोष्ट. आठवड्याभरात खाडीतलं त्यांचं जाळं तीनदा फाटलं आणि त्यांनी ठरवूनच टाकलं, हे शेजारच्या काकांचं काम. सोमवारी देवळात गाऱ्हाणं घालणार होते, कापणाऱ्याचं वाटोळं कर म्हणून. आमच्याकडे असं गाऱ्हाणं घातलं की ती दोन घरं पिढ्यान् पिढ्या एकमेकांचं पाणी पीत नाहीत. आणि मी तर काकीच्या हातचं जेवून मोठा झालेला!

मी तेव्हा शाळेत चित्रकला शिकवायचो. जुना कॅमेरा होता, पक्ष्यांचे फोटो काढायचं खूळ होतं. "जाळं पाणमांजर फाडतंय. फोटो काढून दाखवतो," मी छातीठोकपणे सांगून बसलो.

"दाखय. मी पण येतंय," बाबा म्हणाले. झालं! रविवारी उजाडायच्या आत बापलेक खाडीकाठच्या कांदळाच्या झाडीत दडून बसलो.

पाय गुडघाभर चिखलात, कानाशी डास. जाळ्याच्या खुंटावर खंड्या तीनदा येऊन बसला. एरवी मी अर्धं रीळ त्याच्यावर उडवलं असतं, पण आवाज होईल म्हणून बटण दाबायची छाती होईना. बाबांनी विडी काढली, मी काडेपेटी हिसकावून घेतली.

"खंय आसा तुजा मांजर?" ते दर घटकेला कुजबुजत.

दुपारी ओहोटी लागली आणि जाळं थरथरलं. पाणमांजराचं पिल्लू अडकलं होतं, आई भोवती शिट्ट्या मारत फिरत होती. सुटलो बुवा, म्हणत मी कॅमेरा उचलला. तेवढ्यात पलीकडून काका पाण्यात उतरले. हातात कोयती. सरळ जाळ्याला भिडले आणि कापायला लागले.

मी बटण दाबलं. सांगायला लाज वाटते, पण पहिला विचार आला तो हा, की काकांच्या तोंडावर उजेड झकास पडलाय. मग लक्षात आलं, काकांविरुद्धचा पुरावा मीच तयार केला होता.

"बघलंस मा चोर?" बाबा गरजत पाण्यात घुसले.

काका पळाले नाहीत. पिल्लाने त्यांचा अंगठा फोडला होता, तरी त्याचं डोकं पाण्यावर धरून उभे होते. "आदी हेका सोडव, मगे माका मार," ते म्हणाले.

बाबांनी त्यांच्या हातातली कोयती ओढून घेतली. मी ओरडलो, "बाबा!" ते वाकले आणि स्वतःचंच जाळं सपासप कापत सुटले. पिल्लू निसटून आईकडे गेलं.

"तोंड नाय होता तुका सांगूक?" बाबा धापा टाकत म्हणाले.

"सांगलंय असतंय तर ह्यांका मारूक बंदूक घेवन इलो असतस."

ते खरंच होतं. बाबा त्या रात्री जेवले नाहीत.

सोमवारी पहाटेच अंघोळ करून त्यांनी धुवट सदरा घातला. निघाले गाऱ्हाणं घालायला! ते अंगणात गेले, देवळाच्या वाटेकडे बघत जरा उभे राहिले आणि मग दोन घरांमधल्या दगडी गडग्यापलीकडे तोंड करून ओरडले, "मेल्या, निजलंस काय? जाळा कापलंस तां विणूक काय माजो बापूस येतलो?"

काका हातातल्या कपबशीसकट धावत आले.