भाचीच्या कानांची साक्ष

माझी भाची जन्मतः बहिरी. ताई आणि भावजी बनशंकरीत राहायचे, मी त्यांच्याच वरच्या खोलीत. आम्ही बेळगावकडचे मराठी ख्रिस्ती. चमत्कार आम्ही उपासनेत ऐकायचो, घरी कधी मागितले नव्हते.

भाचीला कानातलं मशीन मिळालं आणि ती 'आई'च्या जवळपास जाणारं काहीतरी म्हणू लागली. ताईचं तेवढ्यावर समाधान होईना. शेजारच्या अक्कांनी व्हाइटफील्डकडच्या एका मैदानात भरणाऱ्या आरोग्यसभेचं सांगितलं. "प्रभूला कळवळा येतोच," त्या म्हणाल्या, "पण आपण जायला तर हवं!"

स्टेजवर प्रचारकाने भाचीचं मशीन काढलं, तिच्या कानांवर हात ठेवून ओरडून प्रार्थना केली आणि मागे जाऊन टाळी वाजवली. भाचीने वळून पाहिलं. मैदानभर 'हालेलुया'चा गजर झाला. ताई गुडघ्यांवर बसून रडत होती.

मी स्टेजला खेटून उभा होतो. टाळीबरोबर त्या माणसाने पायही आपटला होता. घरी येताना मी म्हणालो, "ताई, स्टेजच्या फळ्या हादरल्या म्हणून ती वळली."

"तुला देवानं केलेलं बरंही बघवत नाही का रे?"

मशीन परत घालणं म्हणजे देवावर अविश्वास, असं प्रचारकाने बजावलं होतं. ताईने ते कपाटात ठेवलं. भाची कपाटाकडे बोट दाखवायची, मग स्वतःच्या कानाकडे, आणि रडायची. भावजी पेपरात डोकं घालून बसायचे. हळूहळू तिने रडणं सोडलं आणि ते 'आई'सारखं काहीतरीही सोडलं.

सभेचा व्हिडिओ मात्र फोनाफोनांवर फिरत होता. माणसं दारात येऊ लागली. दोनेक वर्षांनी चिकपेटहून एक बाई बहिरं तान्हं घेऊन आली. "तुमच्या मुलीचा हात बाळाच्या कानांवर ठेवू द्या. डॉक्टर मशीन लावा म्हणतात, पण आता आम्ही नाही लावत."

ताई एकदम उठली. "लावा! आजच लावा. माझ्या मुलीला काहीही ऐकू येत नाही!"

बाईने बाळाला छातीशी ओढलं. "तुमचा विश्वास कमी पडला असेल, अक्का. आमचा पक्का आहे." आणि ती पायऱ्या उतरून गेली.

ताईने कपाट उघडलं. मशीनचा कानाच्या मापाने केलेला साचा भाचीच्या कानात बसेना. कान वाढले होते. नवा साचा करून घेतला, पण बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी स्पष्टच सांगितलं, "शिकायचं वय हातचं घालवलंत." व्हिडिओ काढून टाका म्हणायला मी सभेच्या ऑफिसात गेलो. तिथला तरुण गोड हसला. "ब्रदर, शंका घेतली की मिळालेलं आरोग्य परत जातं."

भाची आता हातांनी बोलते. ताई अजूनही उपासनेला जाते. कसं जाववतं, म्हणून मी एकदा विचारलं.

"येशूनं बायबलातल्या त्या बहिऱ्याला बरं करायला गर्दीतून बाजूला नेलं होतं," ती म्हणाली. "कोणाला सांगू नका म्हणाला होता. मीच हिला गर्दीत नेलं."

सगळ्यांनी दोष तिच्याच पदरात घातला होता. आता तीही घालत होती. मला तिच्या देवाचा राग आला, मग तिचाच आला. प्रचारकाच्या सभा अजून भरतात. आता म्हणे मैदान अपुरं पडतं.